पुळणीचे प्रवेशमूल्य

रॉयल कॅरिबियन या अमेरिकन जहाजकंपनीने दिनांक २३ डिसेंबर २०२५ रोजी बहामा बेटांतील नासाऊ बंदरासमोर स्वतःचा एक बीच क्लब उघडला. सतरा एकरांचा हा परिसर आहे. त्यात पुळण आहे, पोहण्याचे तीन तलाव आहेत, उपाहारगृहे आहेत, आणि मद्यपानाची सोय तर इतकी की तलावातून बाहेर न येताच पेला हाती घ्यावा. कंपनीच्या आगबोटींतून आलेल्या उतारूंना नासाऊच्या धक्क्यावरून लहान नावांतून पलीकडे नेतात, दिवसभर खाऊपिऊ घालतात आणि पुन्हा धक्क्यावर आणून सोडतात. मात्र आगबोटीचे भाडे भरले म्हणून या पुळणीवर पाऊल ठेवता येते असे नाही. त्याचे मूल्य निराळे.

या वार्तेशी कोहमाऱ्याच्या वाचकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाकडून नवेगावबांधाकडे जाणारा रस्ता जेथे छेदतो तेथे हे गाव वसलेले आहे. पूर्वेचा समुद्र काय आणि पश्चिमेचा काय, दोन्ही येथून शेकडो मैल दूर. तथापि आमच्या घरांतील मुले नागपूर-पुण्याचा उंबरठा ओलांडून केव्हाच न्यू जर्सी आणि टेक्सासला पोचली आहेत, आणि आईवडिलांना तिकडे बोलावले म्हणजे एखादी समुद्रसफर घडवावी अशी त्यांची इच्छा असते. फ्लॉरिडातून सुटणारी तीन-चार रात्रींची सफर वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीस मानवणारी, म्हणून तीच बहुधा निवडली जाते; आणि या सफरींच्या मार्गावर नासाऊ हटकून येते. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना व त्यांच्या पत्नीस असेच बोलावणे आले. चिरंजीवांनी दूरध्वनीवर विचारले, “आई, नासाऊला त्या क्लबाचे तिकीट काढून ठेवू का?” मातोश्री म्हणाल्या, “अरे, समुद्र पाहायला पैसे वेगळे कशाला? तुझे जहाज काय डोंगरावरून जाणार आहे?”

प्रश्न बाईंनी थट्टेने विचारला खरा, पण तो आम्हांस मोठा मार्मिक वाटला, म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करू.

क्लबाचे दर ठरण्यापूर्वी प्रवासी मंडळींत पुष्कळ अटकळी चालल्या होत्या. याच कंपनीचे कोकोके नावाचे बेट बहामातच आहे. तेथे उतरण्यास पैसे पडत नाहीत, सर्वसाधारण भोजनही भाड्यातच येते. केवळ काही राखीव कोपऱ्यांस मूल्य आहे. तेव्हा नासाऊसही तसेच असेल अशी कित्येकांची समजूत होती. उद्घाटनापूर्वी काही महिने दर प्रसिद्ध झाले तेव्हा ती मावळली. प्रौढ माणसास सुमारे १७० डॉलरांपासून. मद्य वर्ज्य करणाऱ्यास सुमारे १३० डॉलरांपासून. मुलांस त्याहून कमी आणि अगदी लहान बालकांस काही नाही. यातला ‘पासून’ हा शब्द गृहिणींनी विशेष ध्यानात घ्यावा. हे दर विमानाच्या तिकिटासारखे तिथीप्रमाणे चढतात-उतरतात. सुटीच्या दिवसांत, एकाच वेळी अनेक आगबोटी बंदरात असताना, आरंभीचा आकडा केवळ जाहिरातीपुरता उरतो.

डॉलरला ९० रुपये धरले तर मद्य न घेणाऱ्या एका माणसाचे ११,७०० रुपये होतात. सासू-सासरे, मुलगा आणि सून अशी चौघे गेली तर ४६,८०० रुपये, आणि ते एका दिवसाचे! या रकमेत खुर्ची, छत्री, अंगपुसणे, भोजन आणि सरबते मिळतात. स्वतंत्र सावलीची खोपटी हवी असेल तर तिचे आणखी निराळे.

या दरपत्रकात आम्हांस सर्वांत बोलकी वाटली ती १७० आणि १३० यांतील तफावत. दिवसभर हवी तेवढी मदिरा ४० डॉलरांत! जहाजावर तेवढ्या पैशांत तीन पेले मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे सगळा हिशेब पिणाऱ्यास नजरेसमोर ठेवून मांडला आहे आणि न पिणाऱ्याने त्याच्या पंक्तीस बसून जवळजवळ त्याच्याइतकीच दक्षिणा द्यावयाची आहे. आमच्यासारख्या कुटुंबांना हा व्यवहार तोट्याचा आहे हे सांगण्यास गणिताच्या शिक्षकाची गरज नाही. शिवाय त्या दिवसाचे दुपारचे जेवण आगबोटीवर आधीच पैसे भरून मांडून ठेवलेले असते. तेथे पूर्वसूचना दिली तर भारतीय पद्धतीचे शाकाहारी अन्नही मिळते. ते सोडून दुसऱ्या पानासाठी पुन्हा मोल मोजावयाचे!

तरीही जावयाचेच असेल तर दोन गोष्टी कराव्यात. तिकीट घरूनच, शक्य तितक्या आधी काढावे. जहाज सुटण्यापूर्वी अशी खरेदी बहुधा रद्द करता येते, म्हणून मधूनमधून दर पाहून तो उतरला असल्यास जुने रद्द करून नवे घ्यावे. आणि दिवसभर पाण्यात डुंबणारी नातवंडे बरोबर असतील तरच हा खर्च करावा. पाण्यात न उतरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी खुर्चीसाठी १३० डॉलर देणे आम्हांस पटत नाही. नासाऊच्या धक्क्यापासून पायी चालत जाण्याजोग्या अंतरावर जुंकानू नावाची सार्वजनिक पुळण आहे. तेथील समुद्र त्याच पाण्याचा आहे. शहरात चुनखडकातून गुलामांच्या हातांनी खोदलेला राणीचा जिना आहे. आमच्या मते तो एकवार पाहावा. या बेटांवर सुखाची आरास ज्यांच्या श्रमांवर उभी राहिली त्यांची आठवण तेथे होते, ती क्लबात होत नाही.

जहाजकंपनीला किनारा हवा कशाला, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. आगबोट बंदराला लागली की पूर्वी उतारू गावात शिरत. कोणी घोडागाडी करी, कोणी गवती टोपल्यांच्या बाजारात घासाघीस करी, कोणी खानावळ शोधी. पैसा गावात सांडे. १९७७ साली नॉर्वेजियन कंपनीने बहामातील एक लहान बेटच घेतले आणि तेथे आपले उतारू उतरविण्यास आरंभ केला; ही या प्रथेची सुरुवात समजली जाते. पुढे इतरांनी तोच कित्ता गिरविला. जुलै २०२५ मध्ये कार्निव्हल कंपनीने ग्रँड बहामा बेटावर असेच विहारस्थळ उघडले. तेथे प्रवेशास मूल्य नाही, परंतु आतील एका राखीव भागास आहे. उतारू जमिनीवर उतरला तरी त्याची थैली जहाजाच्याच हद्दीत राहावी, असा या योजनांचा मथितार्थ आहे.

पण न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नासाऊच्या क्लबाच्या भूमीपैकी सुमारे चार एकर सरकारी आहे, आणि तिच्या मोबदल्यात सरकारला भागीदारी मिळाली आहे. बहामावासीयांना ४९ टक्क्यांपर्यंत भाग देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यात भागीदार होण्यासाठी परक्या कंपनीचे भाग घ्यावे लागावेत हे विचित्र खरे, तथापि पूर्वीच्या विहारस्थळांत तेवढेही नव्हते. ज्या बेटावर हा क्लब आहे त्याचे मूळ नाव हॉग आयलंड, म्हणजे डुकरांचे बेट. हंटिंग्टन हार्टफर्ड नामक धनिकाने १९५९ साली ते विकत घेतले आणि पुढे त्याचे नाव पॅरडाइज, म्हणजे नंदनवन, असे झाले. डुकरांच्या बेटावर बसण्याचे १३० डॉलर कोणी दिले असते काय?

आता आमच्या घराजवळच्या पाण्याकडे वळू. कोहमाऱ्याहून दक्षिणेस गेले की नवेगावचा बांध लागतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे परंपरा सांगते. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीने बुजवून सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे सरोवर उभे करणे हे कोहळी समाजाचे कसब होते, आणि या भागातील शेकडो तलाव त्याच कसबाची साक्ष देतात. तलाव मालगुजाराच्या नावावर असे. परंतु त्यावरचा गावाचा हक्क, गुरांना पाणी पाजण्याचा, आंघोळीचा, कपडे धुण्याचा, वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात लिहून ठेवण्याची पद्धत होती. या वापरास आपल्याकडे ‘निस्तार’ म्हणतात. हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित अपरिचित असेल. गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास तो सातबाराइतकाच ओळखीचा. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांनी ‘मामा तलाव’ केले. १९६६ च्या महसूल संहितेतही निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोहोंना जागा आहे. मालकी कोणाची हा प्रश्न निराळा आणि काठावर उतरण्याचा हक्क निराळा, हे आमच्या खेड्यांना न्यायालयात न जाताही कळत होते.

नवेगावास शुल्क मुळीच नाही असे नव्हे. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. वनात गाडी न्यावयाची तर पैसे भरावे लागतात. ते आम्ही आनंदाने भरतो. गाड्यांची संख्या मर्यादेत राहिली नाही तर वाघ, हिवाळी पाहुणे पक्षी आणि शांतता ही तिन्ही राहणार नाहीत. जे शुल्क जागेचे रक्षण करते आणि जे केवळ गर्दीतून थैलीवाले निवडून काढते, त्यांत आम्ही भेद करतो.

हा सगळा ऊहापोह बहामापुरता राहिला असता तर आम्ही एवढी शाई खर्ची घातली नसती. परंतु ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातून क्रूझ भारत मोहिमेस आरंभ केला. २०२९ पर्यंत समुद्रसफरींचे उतारू दुप्पट करण्याचा तिचा संकल्प आहे. २०२५ साली मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही सुरू झाले. मोठ्या आगबोटी आल्या म्हणजे त्यांना उतरण्यास रमणीय किनारे लागतील, आणि मग दृष्टी कोकणाकडे वळणार हे उघड आहे. तसे झाले तर आम्हांस आनंदच आहे. एके काळी बोटीतून पडावात आणि पडावातून गुडघाभर पाण्यात उतरून माहेरी जाणाऱ्या मुलींच्या किनाऱ्यांवर चांगले धक्के व्हावेत, तरुणांस काम मिळावे, हे कोणास नको आहे? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ खटल्यात सांगितले आहे की समुद्रकिनारा, वाहते पाणी, वने ही संपत्ती शासन जनतेचा विश्वस्त म्हणून सांभाळते. मात्र खटला होईपर्यंत कुंपण उभे राहून गेलेले असते. म्हणून कोकणातील ग्रामपंचायतींनी, आणि तेथे माहेर-सासर असलेल्या आमच्या वाचकभगिनींनी, अशी योजना कागदावर असतानाच तिचा नकाशा मागून घ्यावा. होड्या ओढण्याची जागा, मासळी वाळविण्याची जागा आणि गावातून पुळणीवर उतरणारी पाखाडी या तिन्ही त्यावर आखून घ्याव्यात. प्रवेशाचे दरपत्रक त्यानंतर पाहता येईल.