लोकर स्वस्त, हात महाग: पावसच्या काकूंच्या चरख्याने शिकवलेलं कॉस्टिंग

आजचा विषय थोडा वेगळा आहे. दरवेळी मी तुम्हाला शिकवतो, आज मी कुठे चुकलो ते सांगणार आहे. ज्यांना घरबसल्या हाताने वस्तू बनवून विकायची आहे, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचा आणि जवळ एक वही-पेन ठेवा.

आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात वर्षभर भाविक येतात. आंबापोळी, कोकम, काजू तर ते नेतातच, पण पूजेच्या आणि जपाच्या वस्तूही शोधतात. माझ्या दुकानापासून थोड्या अंतरावर एक काकू राहतात. माहेर सांगोल्याकडचं, लग्न होऊन कोकणात आल्या. येताना सोबत चरखा आणला. त्या लोकर कातून लहानशा मागावर दोन बाय दोन फुटांची आसनं विणायच्या. मी एक आसन ३५० रुपयांना घ्यायचो आणि दुकानात ५०० ला विकायचो. बारा आसनं हातोहात गेली. मी खूश! BBA ला शिकलेलं सगळं कामी आलं असं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी त्यांना म्हटलं, "काकू, दिवाळीपर्यंत वीस आसनं द्या."

त्या म्हणाल्या, "न्हाई जमायचं. आंब्याला पेट्या भराया गेले तर दिवसाला चारशे मिळत्यात. हितं काय मिळतं, ते तूच सांग. गणित तू शिकलायस न्हवं?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी मोबाईलचा स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या पडवीत बसलो. एका दिवसात काही कळलं नाही, म्हणून पुढे एका आसनाचा पूर्ण हिशोब वहीत लिहिला. त्यातून जे कळलं ते असं.

१. लोकर येते कुठून?

महाराष्ट्रात सांगली, सातारा, सोलापूर, नगर भागात धनगर समाज जी मेंढी पाळतो ती दख्खनी मेंढी. तिची लोकर जाडीभरडी आणि बहुतेक काळी किंवा करडी असते. वर्षातून साधारण दोनदा कातरणी होते आणि एका मेंढीमागे वर्षाला जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर मिळते. याच लोकरीची घोंगडी होते. मेंढपाळाला या लोकरीचे फार पैसे मिळत नाहीत, म्हणून ती स्वस्त असते.

काकूंचा भाऊ एसटीने पोतं पाठवतो. त्यांना किलोला साठ रुपये पडतात. पार्सल आणि रिठे धरून शंभर. पण ती लोकर तशीच कातता येत नाही. त्यात कुसळं, लेंड्या, माती सगळं असतं. निवडून, धुऊन, वाळवून एक किलोची सहाशे ग्रॅम उरते. यालाच धंद्यात घट म्हणतात. तुमचा माल लोकर असो, काजू असो नाहीतर कापड असो, भाव नेहमी घट झाल्यावर उरलेल्या मालावर काढायचा.

एका आसनाला ही सहाशे ग्रॅम लागते. म्हणजे दोन मेंढ्यांची वर्षभराची लोकर एका आसनात जाते!

२. काकूंचा दिवस

सकाळी पाणी, गुरं, स्वयंपाक, मुलाचा डबा. अकराला परड्यातली कामं. चरख्यावर बसायला दुपारचे दोन वाजतात, पाचला उठतात. मी वहीत लिहिलं, "रोज तीन तास." स्टॉपवॉचने मात्र वेगळंच सांगितलं. मध्ये गॅसवाला आला, शेजारीण दळण विचारायला आली, ढग आले म्हणून वाळवण उचललं. प्रत्यक्ष हात चालले ते दोन तास. घरून काम करणाऱ्या प्रत्येक बाईचा हा हिशोब असाच असतो. म्हणून घड्याळातले तास धरू नका, हात चालतात ते तास धरा.

आता एका आसनाचा वेळ बघा:

- निवडणं आणि धुणं: अडीच तास
- पिंजून पेळू करणं: ४ तास
- कातणं: १५ तास (तासाला साधारण ४० ग्रॅम)
- विणणं आणि कडा शिवणं: साडेचार तास

एकूण २६ तास. मी देत होतो ३५०. त्यातून मालाचे १०० वजा केले की उरतात २५०. भागिले २६. तासाला साडेनऊ रुपये!

पेट्या भरण्याचे आठ तासांचे ४००, म्हणजे तासाला ५०. ज्या कामाला जास्त कसब लागतं, त्याला मी पाचपट कमी देत होतो. आणि मला वाटत होतं, मी गावातल्या कारागिराला मदत करतोय.

आणखी एक गोष्ट. रोज दोन तास म्हणजे एका आसनाला तेरा दिवस. वीस आसनांना २६० दिवस. मी मागितली होती दिवाळीपर्यंत! ऑर्डर घेण्याआधी आपली क्षमता माहीत नसेल तर मोठी ऑर्डर ही संधी नसते, ते संकट असतं.

३. कोकणातली हवा आणि लोकर

हे खास आपल्या भागातल्या लोकांसाठी. लोकर हवेतला ओलावा शोषते. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत पाणी धरूनही ती हाताला ओली लागत नाही. म्हणजे जुलैत वजनावर लोकर घेतलीत तर तुम्ही पाण्याचेही पैसे देताय. खरेदी कोरड्या दिवसांत करा. काकू धुण्याचं सगळं काम पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत उरकून घेतात आणि पावसात फक्त कातणं-विणणं ठेवतात.

धुताना कोमट पाणी आणि रिठे वापरा. धुण्याचा सोडा नको, त्याने लोकर खराब होते. गरम पाण्यात चोळलीत तर लोकरीचा नमदा होतो, मग ती पिंजता येत नाही. साठवताना नीट वाळवून घट्ट बंद डब्यात ठेवा, नाहीतर कसर लागते आणि सहा महिन्यांची मेहनत चाळण होते.

चरखा घेतानाही घाई नको. पेटी चरखा बारीक सुतासाठी बनलेला आहे. त्याची चाती फार वेगाने फिरते, त्यामुळे जाड लोकरीला नको तितका पीळ बसतो. आधी साध्या टकळीवर हात बसवा. मेंढ्यांमागे चालता चालता धनगर त्याच टकळीवर कातत आलेत.

४. सगळं एकट्याने करायचं का?

घोंगडीचा जुना धंदा बघा. मेंढ्या धनगरांच्या. कातायचं काम मुख्यतः घरातल्या बायकांकडे. विणायचं काम सनगर समाजाचं, खड्ड्याच्या मागावर. उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे धागा ताठ राहतो. एक घोंगडी अनेक हातांतून जायची. आमच्या काकू मात्र निवडण्यापासून शिवण्यापर्यंत सगळं एकट्या करत होत्या, म्हणून २६ तास. तुमच्या कामातली सगळ्यात वेळखाऊ पायरी कोणती ते शोधा. इथे ती कातणं आहे. तीच पायरी वाटून घेता येते का, कमी करता येते का, ते आधी बघायचं.

५. मग आम्ही काय केलं?

मी काकूंसमोर वही ठेवली. २६ तास गुणिले ५० म्हणजे १३००, अधिक माल १००. आसन त्यांच्याकडून १४०० ला घ्यायचं. माझा खर्च आणि मार्जिन धरून दुकानात १८५०.

खरं सांगतो, चार महिन्यांत तीन आसनं गेली. शेजारी मशीनवरचं आसन दोनशेला मिळत असताना गिऱ्हाईक एवढे का देईल? भाव बरोबर काढला म्हणजे माल खपतोच असं नाही. म्हणून मालात बदल केले.

पहिला बदल: उभा धागा मिलच्या लोकरीचा, आडवा हातकताईचा. कातायची लोकर निम्मी झाली, वेळ २६ वरून १५ तासांवर आला. तासांचे ७५०, काकूंच्या लोकरीचे ५०, मिलच्या धाग्याचे १५०. काकूंना ९५०, दुकानात १२५०. आणि हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं: "उभा धागा मिलचा, आडवा हाताने कातलेला." निम्मं लपवून "पूर्ण हातकताई" म्हणून विकणं ही फसवणूक आहे. एकदा पकडले गेलात की धंदा संपला.

दुसरा बदल: गोमुखी. जपमाळ ठेवायची पिशवी, आतून सुती अस्तर, कारण ही लोकर टोचते. लोकर लागते फक्त साठ ग्रॅम, वेळ चार तास. काकूंना २३०, दुकानात ३००. आज सगळ्यात जास्त हीच जाते. भाविक आणि जपाची वस्तू, इथे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही.

तिसरा बदल: प्रत्येक पूर्ण हातकताईच्या आसनाला एक कार्ड. त्यावर चार ओळी: लोकर कुठली, किती ग्रॅम, किती तास, कुठे बनलं. दया मागायची नाही, फक्त माहिती द्यायची. ती वाचून जो १८५० देतो तो घासाघीस करत नाही.

एक सूचना: दख्खनी लोकरीचा स्वेटर किंवा बाळाची टोपी करायच्या फंदात पडू नका. मऊ कपड्यांची मेरिनो लोकर साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असते, आपली बरीच जाड. आसन, गालिचा, पिशवी ही हिची जागा आहे.

६. मदत कुठे मिळेल?

- पुण्यातलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ.
- राजस्थानात अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था (१९६२ पासून) आणि जोधपूरचं केंद्रीय लोकर विकास मंडळ (१९८७ पासून).
- पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत काथ्याचं काम आहे, शिवणकाम आहे, लोकर कताई नाही. उगाच एजंटला पैसे देऊ नका.
- उद्योग मोठा करायचा असेल तर पीएमईजीपी बघा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे.

शेवटी

काकूंचे महिन्याला साधारण पन्नास तास कामाचे होतात. तासाला ५० धरले तर अडीच हजार. यावर घर चालत नाही, आणि "घरबसल्या लोकर कातून लाखो कमवा" असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. पण हे अडीच हजार त्यांच्या हक्काचे आहेत, त्यात कोणाचे उपकार नाहीत.

आधीच्या बारा आसनांचा फरक निघाला प्रत्येकी १०५० प्रमाणे १२,६००. एकदम देणं मला झेपलं नाही, पाच महिन्यांत फेडले. शेवटचा हप्ता दिला तेव्हा काकूंनी माझ्यासमोर नोटा दोनदा मोजल्या.

मी हसलो, तर म्हणाल्या, "हसतोस काय? मोजून घ्यावं म्हणून तूच शिकवतोस न्हवं?"

आजचा गृहपाठ: तुम्ही बनवता ती एक वस्तू घ्या. प्रत्येक पायरीला स्टॉपवॉच लावा. विक्रीच्या भावातून माल आणि दुकानदाराचं मार्जिन वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा. जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तो तुमच्या गावच्या मजुरीपेक्षा कमी असेल तर आधी भाव किंवा वस्तू बदला, मगच पुढची ऑर्डर घ्या.

आणि माझ्यासारखे तुम्ही दुसऱ्याकडून माल घेत असाल, तर हेच गणित त्यांच्यासोबत बसून करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!