वय पाहा, कागद ठेवू नका

फोनवर यादी घेऊन घरपोच माल देणारे आपले अनेक व्यापारी बांधव रत्नागिरीत आहेत. यादीत सिगारेट किंवा तंबाखू असेल आणि दार एखाद्या मुलाने उघडले, तर काय करावे?

ती वस्तू त्याच्या हाती देऊ नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास मनाई आहे. गिऱ्हाईक अज्ञान नाही, हे दाखवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर असते. शंका आल्यास वयाचा पुरावा मागता येतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मात्र पुरावा पाहणे वेगळे आणि ठेवून घेणे वेगळे. जन्मतारीख पाहून कार्ड तिथेच परत करावे. पोऱ्याने आधार कार्डाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढला, तर तो पुढे कुठे जाईल याचा भरवसा नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. त्याचा मथितार्थ असा, की माहिती कामापुरतीच घ्यावी आणि काम झाल्यावर पुसून टाकावी.

फोन नंबराचेही तेच. आपल्याकडे कित्येक घरांतील पुरुष आखातात असतात. घरातील बाईने नंबर दिला तो माल पोहोचावा म्हणून. तो दुसऱ्याला देण्यासाठी नव्हे. उधारीची वही आपण परक्यास दाखवत नाही. नंबरांची यादीही तशीच अमानत समजावी, असे आम्हांस वाटते.