अखेरच्या फेरीचा हिशेब

दसरा उलटून गेलेला असतो, सोयाबीनच्या सुड्या मळणीयंत्राची वाट पाहत शेतात उभ्या असतात, मोठ्या शहरांतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्राचे पहिले पाठ सुरू होऊन गेलेले असतात, आणि अशा वेळी मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी रात्री साडेनऊच्या सुमारास मोबाईलच्या पडद्यावर एक यादी उघडते व तिच्या शेकडो ओळींपैकी एका ओळीत घरच्या मुलीचे नाव सापडते. क्षणभर आनंदीआनंद होतो. मग ओळीच्या टोकाचे महाविद्यालयाचे नाव वाचले जाते, सोबतचे सूचनापत्र उघडले जाते, आणि त्यात तीन-चार दिवसांवरची एक तारीख दिसते : त्या तारखेपर्यंत मूळ कागदपत्रांनिशी जातीने हजर राहावयाचे व शुल्काचा भरणा करावयाचा, तसे न घडल्यास जागेवरचा हक्क संपुष्टात आला असे समजावयाचे.

हे कुटुंब कल्पित आहे, परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या उत्तरार्धातील फेऱ्यांत अशी कुटुंबे दरवर्षी आढळतात. पहिल्या फेरीतील यशाची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात, शिकवणीवर्गांच्या फलकांवर चढतात. शेवटच्या फेरीत उभ्या असलेल्या मुलामुलींकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही, आणि या फेऱ्यांचे शास्त्र तर त्यांच्या आईबापांना ती फेरी प्रत्यक्ष अंगावर येईपर्यंत कोणी समजावूनही सांगत नाही.

मुळात उशिरा जागा उरतातच कशा, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर गुंतागुंतीचे आहे. मे महिन्यात होणाऱ्या ७२० गुणांच्या ‘नीट’ परीक्षेवरून देशभर एकच गुणवत्ता यादी लागते. पण जागांचे वाटप दोन दारांतून होते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची समिती भरते, व हा कोटा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९८६ पासून अस्तित्वात आहे. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि खाजगी महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या जागा महाराष्ट्राचा सीईटी कक्ष भरतो. हुशार विद्यार्थी दोन्ही दारांशी उभा असतो. त्याला दिल्लीच्या दुसऱ्या फेरीत अधिक चांगले महाविद्यालय मिळाले, की राज्यातील त्याची जागा सुटते; ती जागा दुसऱ्याला मिळाली, की त्याची जागा तिसऱ्यासाठी मोकळी होते; आणि एसटीच्या गर्दीत एक प्रवासी उतरल्यावर सगळी रांग थोडीथोडी पुढे सरकावी, तशी ही मालिका ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत सरकत राहते. तीन फेऱ्या झाल्यावरही ज्या जागा राहतात त्या ‘स्ट्रे व्हेकन्सी’ म्हणजे तुरळक रिक्त जागांच्या फेरीत जातात. हीच ती अखेरची फेरी.

कधीकधी जागा सुटत नाहीत, तर नव्यानेच निर्माण होतात. २०२४ साली परीक्षेचा निकाल, त्यावरचे न्यायालयीन वाद आणि फेरनिकाल यांत पावसाळ्याचा निम्मा हंगाम गेला. प्रवेशाचे चक्र पुरेसे फिरून झाल्यावर, ९ ऑक्टोबर रोजी, जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली, अमरावती, नाशिक, अंबरनाथ आणि मुंबई अशा दहा ठिकाणच्या नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी डिसेंबरच्या २० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने रिक्त जागा वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक विशेष फेरी घेण्याचा व ३० डिसेंबरपूर्वी प्रवेश पुरे करण्याचा आदेश दिला. म्हणजे आषाढात ज्याने आशा सोडली त्याला मार्गशीर्षात डॉक्टर होण्याची संधी मिळू शकत होती; मात्र ती संधी घेण्यास लागणारे द्रव्य व दस्तऐवज त्याने तोवर जवळ बाळगलेले असावेत, हे त्या आदेशात लिहिलेले नव्हते आणि लिहिता येण्यासारखेही नव्हते.

येथेच माझ्या मते या विषयाची खरी मेख आहे. अखेरची फेरी वरकरणी गुणानुक्रमाने चालते व कागदोपत्री ती तशीच असते. परंतु प्रत्यक्षात तिच्यात तरतो तो ज्याच्या घरी तीन दिवसांत रोकड उभी राहू शकते तो. शेतकऱ्याजवळ पैसा नसतोच असे नव्हे. त्याचा पैसा त्या आठवड्यात सुडीत असतो, मळणीनंतर पोत्यांत जातो, आणि आडत्याची पट्टी हाती येईपर्यंत सूचनापत्रावरची तारीख उलटून गेलेली असते. शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाख-दीड लाखाच्या घरात, खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे त्याच्या कित्येक पट, आणि अभिमत विद्यापीठाचे वीस लाखांच्याही वर जाणारे. या तीन पायऱ्यांपैकी अखेरच्या फेरीत शिल्लक राहतात त्या जागा बहुधा वरच्या दोन पायऱ्यांवरच्या असतात, हे उघड आहे, कारण स्वस्त जागा कोणी सोडीत नाही.

मग बँकेचे कर्ज काढावे, असे नातलगांपैकी कोणीतरी शहाणा मामा सांगतो. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागते, त्यापुढे मात्र स्थावर तारण मागितले जाते. वडील सातबारा घेऊन शाखाधिकाऱ्यासमोर बसतात, आणि आपली पाच एकर काळी जमीन या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे हे त्यांना तेथे प्रथम कळते. कारण ज्या सरफेसी कायद्यान्वये बँका थकीत कर्जाची वसुली करतात, त्याने शेतजमिनीवरील तारण आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे, व म्हणून बँकेला बिगरशेती प्लॉट किंवा घर हवे असते. कायद्याने शेतकऱ्याची जमीन वाचवावी म्हणून घातलेले कुंपण त्याच्या मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी असे आडवे येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण व विनाजामीन कर्जाची सोय आहे. पण ती केंद्राने निश्चित केलेल्या संस्थांपुरतीच, आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला लागू नाही. शिवाय कोणतेही कर्ज मंजूर होण्यास आठवडे लागतात व डीडी मात्र सोमवारी हवा असतो, त्यामुळे पहिला हप्ता बहुतेक घरांत आत्याच्या बांगड्यांतून, पतसंस्थेच्या सोनेतारणातून किंवा हातउसन्या रकमेतूनच निघतो.

सवलती नाहीत असे मुळीच नाही. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्णतः शासन भरते. आपल्या कल्पित कुटुंबातील मुलगी या निर्णयात बसते; दोन वर्षांनी तिचा भाऊ त्याच दारात आला तर खाजगी महाविद्यालयात त्याला निम्मीच सवलत मिळेल. वसतिगृह, खानावळ, अनामत, पुस्तके यांचा भार उरतोच, पण हिशेब लाखांवरून हजारांकडे सरकतो. मात्र या निर्णयाला एक अट आहे, आणि उशिरा प्रवेश घेणाऱ्यांची गाठ नेमकी तिच्याशीच पडते : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असला पाहिजे, आणि अभिमत विद्यापीठे या सवलतीतून वगळलेली आहेत. संस्थास्तरीय कोट्यातील जागा घेतली की सवलत गेली. त्याच इमारतीत, त्याच बाकावर बसून, एक मुलगी जवळजवळ विनाशुल्क शिकते व तिच्या शेजारची काही पट शुल्क भरते. दोघींत फरक असतो तो केवळ जागा कोणत्या यादीतून मिळाली एवढाच. म्हणून दूरध्वनीवरून ‘एकच जागा आहे, आज संध्याकाळपर्यंत कळवा’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाला पहिला प्रश्न विचारावयाचा तो रकमेचा नव्हे, ही जागा कॅपमधील की संस्थेच्या कोट्यातील, हा.

पैशाइतकाच अडसर कागदाचा. इतर मागास प्रवर्गाच्या मुलीला जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि पुढील ३१ मार्चपर्यंत मुदत असलेले नॉन-क्रिमीलेअर लागते. यांपैकी वैधतेची कथा सर्वांत लांब, कारण जिल्हा पडताळणी समितीपुढे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा ठेवावा लागतो; अनुसूचित जातींना तो १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांना १९६१ पूर्वीचा. तो कोठे सापडतो? आजोबांच्या शाळेतील दाखलखारीज रजिस्टराच्या उताऱ्यात, तहसिलीच्या अभिलेख कक्षात पडलेल्या कोतवाल बुकाच्या नकलेत, कोण्या जुन्या खरेदीखतात. ज्यांच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, किंवा जे तांड्याबरोबर गावोगाव फिरत होते, त्यांच्या नातवंडांना हा पुरावा जमविण्यास एक उन्हाळा अपुरा पडतो. आणि वैधता हाती नसल्यास, गुण पुरेसे असूनही, राखीव जागेवरचा दावा सोडून खुल्या प्रवर्गात उभे राहण्याची पाळी येते. आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रात तर आणखी एक सूक्ष्म खोड आहे : राज्याचा नमुना वेगळा व केंद्राचा वेगळा, केंद्राच्या नमुन्यात पाच एकरांच्या शेतीची मर्यादा आहे, आणि एक असल्याने दुसऱ्याचे काम भागत नाही. दिल्लीच्या फेरीसाठी राज्याचा नमुना घेऊन बसलेला मुलगा चुकतो तो गुणांत नव्हे, मथळ्यात. हे सारे दस्तऐवज वैशाखात, परीक्षा आटोपताच, काढावयास हवेत. अखेरच्या फेरीच्या तीन दिवसांत सेतू केंद्रातून फारतर उत्पन्नाचा दाखला पदरात पडू शकेल, आणि तोही तलाठी जागेवर असेल तर.

पसंतीक्रमाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. प्रारंभीच्या फेरीत मिळालेली जागा न घेण्याची जी मोकळीक असते ती फेरीगणिक आकसत जाते, आणि दिल्लीच्या स्ट्रे फेरीत तर जागा मिळूनही रुजू न झालेल्यांची अनामत जप्त होते व पुढील सत्रासाठी त्यांच्यावर बंदी येते. अभिमत विद्यापीठांसाठी ही अनामत अलीकडील वर्षांत दोन लाखांची आहे. म्हणजे गरिबाला ते दार आधीच बंद, आणि मध्यमवर्गीयाला मात्र मोहात पाडण्याइतके उघडे. ‘भरून तर ठेवू, मिळाल्यावर पाहू’ हा पहिल्या फेरीतला शहाणपणा शेवटच्या फेरीत घातक ठरतो. ज्या महाविद्यालयाचे साडेचार वर्षांचे शुल्क झेपणार नाही, त्याचे नाव यादीत नसलेलेच बरे. प्रथम वर्षाचा डीडी कसाबसा निघाला तरी द्वितीय वर्षाचा निघेल याची हमी सोयाबीनचा भाव देत नाही.

उशिरा रुजू झालेल्यांना वसतिगृहात खाट शिल्लक नसते, शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती गट ठरून गेलेले असतात, आणि सिद्धान्ताला ७५ व प्रात्यक्षिकाला ८० टक्के उपस्थितीचा नियम त्यांनाही लागू असतो. त्यातून बहुतेक जण मार्ग काढतात.

आपल्या कल्पित घरी चौथ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून बाप-लेक परत आलेले आहेत. प्रवेश झाला, वडील मळणीवाल्याला फोन लावीत आहेत. आईने प्लॅस्टिकच्या फाइलमधील कागद ओट्यावर एकेक करून पसरले आहेत, व त्यांतील मुलीचे वैधता प्रमाणपत्र तेवढे निराळे काढून ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ठेवले आहे. धाकटा यंदा अकरावीला आहे, आणि सख्ख्या बहिणीची वैधता त्याच्या प्रकरणात पुरावा म्हणून जोडता येते, हे तिला समितीच्या कार्यालयातील बाकावर बसलेल्या एका परक्या बाईने सांगितले होते.