वारेचे वय आणि वारेचे काम

दिल्लीचे सरोजिनीनगर सरकारी नोकरांसाठी वसले. तेथील मराठी घरात सुनेला नववा महिना लागला, की जवळच्या सफदरजंग रुग्णालयात फेऱ्या वाढतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘वार परिपक्व, श्रेणी ३’ असे शब्द दिसताच वडीलधाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो.

वार हीच गर्भाचे फुप्फुस, आतडे व मूत्रपिंड होय. मातेच्या रक्तातून प्राणवायू व अन्नरस घ्यावयाचा आणि त्याज्य द्रव्ये परत करावयाची, हे काम ती दोघांचे रक्त मिसळू न देता करते. दिवस भरत आले, की तिच्यात चुन्याचे कण साठतात. त्यांवरून ग्रॅनम व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ० ते ३ अशा श्रेणी ठरविल्या. परंतु पिकलेले प्रत्येक पान लगेच गळत नाही. दिवस भरताना तिसरी श्रेणी बहुधा स्वाभाविकच असते. ती फार लवकर दिसली, तर मात्र लक्ष ठेवावे लागते.

खरी परीक्षा कामाची. बाळाची वाढ, गर्भजल, हृदयाचे ठोके आणि डॉप्लर तपासणीत दिसणारा नाळेतील रक्तप्रवाह यांवरून ती होते. दोन ठोक्यांमधील प्रवाह थांबला वा उलटा वाहू लागला, तर डॉक्टरांना त्वरित निर्णय घ्यावा लागतो. उगाच घाई केल्यास अपुऱ्या दिवसांचे मूल पदरी येते. विलंब केल्यास ते गमावण्याचे भय असते.

यंत्रांआधीची साक्षीदार आईच. बाळाची हालचाल मंदावल्याचे तिने सांगितले, तर घरच्यांनी ते उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.