पन्हाळ्याचे शिलाहार संपले, पण फलटणचे निंबाळकर ६०० वर्षं टिकले. असं का झालं?

वाळवा तालुक्यातल्या आष्ट्यापासून सरळ रेषेत मोजलं तर पन्हाळा ३५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि मिरज तर तिसाच्या आत. साधारण ८०० वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा एकाच घराण्याकडे होता. हे घराणं म्हणजे कोल्हापूरचे शिलाहार. आजचे कोल्हापूर आणि सांगली जिल्हे, साताऱ्याचा दक्षिण भाग आणि बेळगावकडचा काही मुलूख, एवढा त्यांचा पसारा होता.

देवगिरीचे यादव बहुतेकांना माहीत असतात. शिलाहारांचं नाव मात्र पटकन कुणाला आठवत नाही. मग प्रश्न पडतो, हे घराणं टिकू शकलं असतं का?

शिलाहार कोण होते?

शिलाहारांच्या तीन शाखा होत्या. एक उत्तर कोकणात, एक दक्षिण कोकणात आणि एक कोल्हापूरकडे. कोल्हापूरची शाखा कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक होती. महालक्ष्मी ही त्यांची कुलदेवता आणि झेंड्यावर सोन्याचा गरुड. याच शाखेतल्या गंडरादित्य राजाने मिरज भागात मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांचीही मंदिरं उभारली.

मग बिनसलं कुठं?

११८० च्या दशकाच्या शेवटी चालुक्यांची सत्ता कोसळली. जुना मालकच उरला नाही म्हटल्यावर सगळे मांडलिक स्वतंत्र व्हायला लागले. उत्तरेला यादव, दक्षिणेला होयसळ आणि मधे पन्हाळ्यावर गंडरादित्याचा नातू दुसरा भोज. त्यानेही सम्राटाला शोभतील अशा पदव्या घेतल्या. पन्हाळा, विशाळगड, साताऱ्याचा अजिंक्यतारा असे १५ किल्ले त्यानेच बांधले, असं परंपरा सांगते.

त्याचा हा डाव वेडेपणाचा नव्हता. यादवांनी अगदी त्याच वेळी तोच डाव टाकला होता आणि त्यांना तो लाभला. फरक होता ताकदीचा आणि शेजाऱ्यांचा. १२१२ च्या सुमारास यादवांच्या सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि या शाखेचं राज्य संपलं. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात लगेचच्या काळातला सिंघणाचा शिलालेख आहे. म्हणजे या भागात आता यादवांचा शब्द चालत होता.

यादवांच्या प्रशस्तीत सिंघणाला गरुड म्हटलंय आणि पन्हाळ्याच्या भोजाला त्याच्यापुढे पळणारा साप. ज्यांच्या स्वतःच्या झेंड्यावर गरुड होता, त्यांना साप म्हणणं किती झोंबणारं असेल, याचा अंदाज करता येतो.

उत्तर कोकणच्या शिलाहारांचंही तेच झालं. १२६५ च्या सुमारास त्यांचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला.

भोज सिंघणापुढे नमला असता तर?

मांडलिक म्हणून त्याचं राज्य कदाचित आणखी शंभर वर्षं चाललं असतं. पण १२९६ ला अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि १३१८ पर्यंत यादवही संपले. पुढे १३४७ ला बहमनी सत्ता आली. तेव्हा शिलाहारांना पुन्हा एकदा ठरवावं लागलं असतं, लढायचं की वतन सांभाळायचं?

वतन सांभाळलं असतं तर काय झालं असतं, याचं खरंखुरं उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. ते म्हणजे फलटणचे निंबाळकर.

निंबाळकर आपल्या घराण्याची सुरुवात १२८४ पासून सांगतात. त्यांनी सम्राट व्हायचा नाद केला नाही. बहमनी, आदिलशाही, मराठे आणि इंग्रज, अशा एकामागून एक आलेल्या सत्तांशी त्यांनी जुळवून घेतलं. याची किंमतही मोजावी लागली. विजापूरच्या दरबारात बजाजी निंबाळकरांना धर्म बदलावा लागला. पुढे ते परत हिंदू धर्मात आले आणि शिवाजी महाराजांची मुलगी सखुबाई त्यांच्या घरात सून म्हणून गेली. महाराजांच्या पत्नी सईबाई तर निंबाळकरांचीच लेक.

गंमत म्हणजे १८४८ ला इंग्रजांनी वारस नाही असं सांगत साताऱ्याची छत्रपतींची गादीच खालसा केली, पण त्या गादीच्या जहागिरदारांचं फलटण तसंच राहिलं. ते विलीन झालं थेट मार्च १९४८ मध्ये, स्वतंत्र भारतात.

म्हणजे नमणारेच टिकतात का?

तसंही नाही. मोठी सत्ता आली की पहिला घाव बरोबरी करणाऱ्यावर बसतो, तर मुलूख चालवायला स्थानिक माणूस लागतोच म्हणून देशमुख टिकून राहतो. निंबाळकरांना हे साधलं, अनेकांना ते साधलं नाही.

शिलाहारांचं राज्य गेलं, पण त्यांच्या नावावर सांगितले जाणारे किल्ले मोक्याच्या जागीच होते. त्यामुळे पाचशे वर्षांनी ताराबाईंनी राजधानीसाठी पन्हाळा निवडला आणि शाहू महाराजांनी साताऱ्याचा किल्ला.