मोटारीच्या रंगावरील ओरखडे व घरगुती पॉलिश

गिरगांवांतील एखाद्या गल्लींत सकाळचें ऊन तिरपें उतरूं लागलें म्हणजे कडेला उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या मोटारीच्या बॉनेटवर एक चमत्कारिक देखावा दिसतो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें उमटलेलीं असतात. पाहणारा दोन पावलें पुढें सरकला, कीं तीं वर्तुळेंहि त्याच्याबरोबर सरकतात. वस्तुतः बॉनेटवर वर्तुळ असें एकहि नसतें. तेथें असतात ते वाटेल त्या दिशांनीं ओढले गेलेले हजारों बारीक ओरखडे. त्यांपैकीं जे प्रकाशाच्या दिशेला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि डोळा त्यांना जुळवून त्यांचीं वर्तुळें करतो.

हे ओरखडे बहुतेक वेळां अपघातानें नव्हे, तर गाडी स्वच्छ ठेवण्याच्या हौसेंतूनच येतात. मुंबईंत बंद गॅरेज थोड्यांच्याच वाट्याला येतें; बाकीच्या गाड्या उघड्यावर उभ्या राहतात व त्यांवर बांधकामांची धूळ बसते. पहाटे एकाच बादलीच्या पाण्यानें व एकाच फडक्यानें ओळीनें सात-आठ गाड्या पुसल्या जातात. फडक्यांत अडकलेला वाळूचा कण मग प्रत्येक गाडीवर रेघ ओढीत जातो. समुद्राच्या वाऱ्यानें फडफडणारें कापडी आच्छादनहि, खालीं धूळ असली तर, तेंच काम करतें. गणेशोत्सवांत लालबागच्या गर्दींत एखाद्याच्या पट्ट्याचें बक्कल घासून गेलें, तर तो खोल ओरखडा निराळाच.

ओरखडा जातो कसा, हें कळण्यासाठीं रंग चढतो कसा हें ठाऊक असलें पाहिजे. मोटारींच्या आरंभकाळीं रोगण ब्रशानें चढवीत व तें वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूपॉन्ट कंपनीनें जनरल मोटर्सच्या सहकार्यानें ‘ड्युको’ नांवाचें, फवाऱ्यानें मारावयाचें व लवकर वाळणारें रोगण प्रचारांत आणलें. त्याच जनरल मोटर्सनें १९२८ सालीं परळच्या शेजारीं, शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. तो १९५४ पर्यंत चालला. कारखाना गेला, पण शब्द राहिला. मुंबईंतील रंगारी व सुतार फवाऱ्याच्या चकचकीत रंगकामाला अजूनहि ‘ड्युको’च म्हणतात.

जुन्या गाड्यांवर बहुधा रंग व चकाकी एकाच थरांत असे, म्हणून रबिंग करतांना फडकें गाडीच्याच रंगानें माखे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी मुंबईकरांनीं टॅक्सीच्या रूपानें वर्षानुवर्षें पाहिली. तिची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्यें ती रस्त्यावरून निवृत्त झाली. आजच्या गाडीची रचना मात्र निराळी आहे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग व सर्वांत वर बिनरंगाचें पारदर्शक रोगण, असे चार थर असतात. या सर्वांची मिळून जाडी सुमारें १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे लिहावयाच्या एखाद-दीड कागदाएवढी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरचें पारदर्शक रोगण तर साधारण ४० मायक्रॉनच असतें. डोक्याचा केसहि बहुधा त्याहून जाड निघेल.

येथेंच पुष्कळांचा गैरसमज होतो. पॉलिशनें ओरखडा भरून निघतो, असें त्यांना वाटतें. तो भरत नाहीं. सुतार फळीवरील खांच घालविण्यासाठीं भोंवतालची फळीच रंधून खालीं आणतो. पॉलिशहि ओरखड्याभोंवतालचें रोगण झिजवून त्याच्या तळापर्यंत आणतें. ज्या तेलकट द्रव्यांनीं ओरखडा केवळ झांकला जातो, त्यांची करामत दोन-चार धुण्यांत संपते. खरें पॉलिश म्हणजे मोजकी झीज होय, आणि झिजलेलें रोगण पुन्हां येत नाहीं.

म्हणून प्रथम परीक्षा करावी. ओरखड्यावर पाणी टाकावें. ओलेपणीं तो दिसेनासा झाला, तर तो वरच्या रोगणांतच आहे व बहुधा निघेल. मग त्यावरून नख हलकेंच आडवें फिरवावें. नख अडकलें, तर ओरखडा खोल आहे; तो समूळ काढण्याचा हट्ट धरूं नये. तळाशीं पांढरें अस्तर किंवा पत्रा दिसत असेल, तर तें काम पॉलिशचें नव्हे, रंगाऱ्याचें आहे. गाडी जुनी असेल, तर एखाद्या आडोशाच्या जागीं पांढऱ्या फडक्यानें थोडें पॉलिश घासून पाहावें. फडक्याला रंग लागला तर वर पारदर्शक रोगण नाहीं, असें समजावें.

यंत्रें दोन जातींचीं मिळतात. एकांत चकती एकाच आंसाभोंवतीं गरगर फिरते. तें झपाट्यानें कापतें, पण एका जागीं क्षणभर रेंगाळलें तरी रोगण तापतें, व कडेवर टेकलें तर रंग उघडा पडतो. दुसऱ्यांत चकती फिरतां फिरतां लहानशा वर्तुळांत डोलतेहि. दाब वाढला कीं तिचें फिरणें आपोआप मंदावतें. त्याला बाजारांत ‘ड्युअल ॲक्शन’ म्हणतात. घरीं काम करणाऱ्यानें हेंच घ्यावें. पहिलें सरावलेल्या हाताचें हत्यार आहे.

काम सावलींत, पत्रा थंड असतांना करावें. गाडी धुऊन, रोगणांत रुतलेले कण क्ले बार नांवाच्या मऊ वडीनें, भरपूर ओलावा ठेवून काढावे; ते राहिले तर पॉलिश करतांना नवे ओरखडे पडतील. रबराच्या पट्ट्या, काळें प्लास्टिक व पत्र्याच्या धारदार कडा चिकटपट्टीनें झांकाव्या, कारण कडेवर रोगण सर्वांत पातळ असतें. प्रथम हातभर जागेवर मऊ स्पंज व सौम्य पॉलिश यांनीं प्रयोग करावा. तेवढ्यानें भागलें, तर कडक रबिंगला हात लावूं नये. दीड-दोन फूट चौरस जागा घ्यावी व स्पंजावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घालावे. यंत्र चालू करण्यापूर्वीं ते पृष्ठावर पसरावे. मग चकती सपाट ठेवून, सेकंदाला इंच-दोन इंच या संथ गतीनें, प्रथम आडवे व मग उभे असे चार-सहा फेरे द्यावे. नंतर मऊ मायक्रोफायबर फडक्यानें पुसून विजेरीच्या प्रकाशांत निरखावें. प्रत्येक जागेनंतर स्पंज झाडून स्वच्छ करावा. शेवटीं मेण किंवा तत्सम लेप द्यावा, कारण पॉलिशबरोबर पूर्वीचा लेपहि निघून गेलेला असतो.

विजेविषयीं हयगय नको. चाळींत पहिल्या मजल्यावरून गल्लींत वायर सोडली जाते. खालीं नुकतीच गाडी धुतलेली असते. जमीन कोरडी झाल्याविना यंत्र चालवूं नये, जोड पाण्यांत पडूं देऊं नये व वायर खांद्यावरून पाठीमागें घ्यावी. पावसाळ्यांत हें काम उघड्यावर मुळींच करूं नये.

आतां मुख्य प्रश्न राहतो तो हिशेबाचा. सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंगाचें रक्षण वरचें रोगणच करतें. तें आठ-दहा मायक्रॉनांहून अधिक झिजवूं नये, असें या व्यवसायांतील जाणकार साधारणतः सांगतात. आतां प्रत्येक दिवाळीला गाडी नवी दिसावी म्हणून तीन मायक्रॉन काढले, तर तीन वर्षांत नऊ गेले, पुंजी संपली. पुढें कांहीं उन्हाळ्यांनंतर टपावर व बॉनेटवर पांढुरके चट्टे उमटूं लागतात, पापुद्रे सुटतात आणि त्यावर कोणतेंहि पॉलिश चालत नाहीं. पुन्हां रंग देणें हाच उपाय उरतो.

दादरच्या एखाद्या घरीं कर्जाचे हप्ते फेडून घेतलेली गाडी दहा-बारा वर्षें वापरावयाची असते. अशा घरानें दहांपैकीं आठ ओरखडे काढून दोन तसेच राहूं द्यावे, हाच शहाणपणा. आणि त्याहून स्वस्त उपाय बादलीचा आहे. एक बादली साबणाच्या पाण्याची व दुसरी फडकें खळबळण्याची, प्रथम पाण्यानें धूळ उतरवावी व मगच हात लावावा, एवढें पाळलें तर यंत्र कपाटांतून काढण्याची पाळी क्वचितच येईल.