पर्वतीय सायकलींची नाममुद्रा-प्रतिष्ठा आणि पुनर्विक्री मूल्य : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

ग्राहक वस्तू विकत घेतो तेव्हा त्या वस्तूबरोबर एक नावही विकत घेत असतो. अर्थशास्त्र व विपणनशास्त्र या दोन्ही ज्ञानशाखांनी या नावाच्या मोलाचा विचार केला आहे. मात्र वस्तू जुनी झाल्यावर त्या नावाचे काय होते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. गेल्या दोन दशकांत गियरच्या पर्वतीय सायकली महानगरांपुरत्या मर्यादित न राहता जिल्ह्याच्या शहरांत पोहोचल्या. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही खरेदी लहान नाही. "कंपनी चांगली आहे, पैसे फुकट जाणार नाहीत" हा युक्तिवाद अशा खरेदीच्या वेळी हमखास केला जातो. या युक्तिवादाची मर्यादा जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :

थॉर्स्टिन व्हेब्लेन या अमेरिकन विचारवंताने १८९९ मध्ये प्रदर्शनीय उपभोगाची संकल्पना मांडली. वस्तूची उपयुक्तता आणि तिच्यामुळे मिळणारा सामाजिक मान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९७० मध्ये जॉर्ज अकेरलॉफ यांनी जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सरसकट कमी किंमत देऊ करतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो. या कार्याबद्दल त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नाममुद्रा ही अशा बाजारात माहितीची जागा घेते. ग्राहकाला वस्तू तपासता येत नाही, तेव्हा तो नाव तपासतो. पण त्यासाठी ते नाव त्या बाजारातील लोकांना माहीत असावे लागते.

नावांचा प्रवास :

पर्वतीय सायकलीचा उगम १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरिन परगण्यात झाला. स्पेशलाइज्ड कंपनीची १९८१ मधील 'स्टम्पजंपर' ही मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेली पहिली पर्वतीय सायकल मानली जाते. ट्रेक (स्थापना १९७६) ही अमेरिकन आणि जायंट व मेरिडा (दोन्हींची स्थापना १९७२) या तैवानच्या कंपन्या पुढे जगभर नावारूपाला आल्या. जायंट व मेरिडा यांनी इतर नामांकित कंपन्यांसाठीही सायकली बनविल्या. गियरचे भाग तर अनेकदा शिमानो या एकाच जपानी कंपनीचे असतात. म्हणजे दोन सायकलींवरील नावे भिन्न असली, तरी त्यांचे महत्त्वाचे भाग समान असू शकतात.

भारतात हिरो, अ‍ॅटलस, बीएसए व हर्क्युलिस ही नावे आधीपासून घरोघरी परिचित होती. जाड टायरच्या सायकलीला सरसकट 'रेंजर' म्हणण्याची बोलीतील सवय हिरोच्या एका नमुन्याच्या नावावरून पडली. २००५ मध्ये फायरफॉक्सची स्थापना झाली आणि महागड्या सायकलींचा स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. २०१५ मध्ये ही कंपनी हिरो सायकल्सने विकत घेतली.

प्रतिष्ठा कायमची नसते, हे अमेरिकेतील श्विन कंपनीवरून दिसते. १८९५ मध्ये शिकागोत स्थापन झालेली ही कंपनी १९९२ व २००१ अशी दोनदा दिवाळखोरीत गेली. नंतर तेच नाव मोठ्या दुकानसाखळ्यांतील स्वस्त सायकलींवर झळकू लागले. नाव टिकले, परंतु त्यामागचा मान उरला नाही.

पुनर्विक्री मूल्य ठरविणारे घटक :

१) ओळख : एखाद्या नावाची कीर्ती पुण्या-मुंबईच्या सायकलपटूंत असली, तरी जळगावच्या ग्राहकाला ते नाव अपरिचित असेल, तर तो 'जुनी गियरची सायकल' एवढाच भाव देईल. प्रतिष्ठेचे रूपांतर पैशात होण्यासाठी जाणकार ग्राहकांची पुरेशी संख्या लागते.

२) सुटे भाग व मिस्त्री : अठ्ठावीस इंची साध्या सायकलीचे टायर, ट्यूब, चेन हे भाग प्रमाणित असल्याने कोणत्याही कंपनीला चालतात. अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी तिची जुनी सायकल गावच्या मिस्त्रीकडे दुरुस्त होऊ शकते. पर्वतीय सायकलीत सव्वीस, साडेसत्तावीस व एकोणतीस इंची चाके, निरनिराळे गियर, डिस्क ब्रेक व शॉकअपचा पुढचा काटा असे वैविध्य असते. सव्वीस इंची चाक मागे पडल्यावर त्या आकाराच्या उत्तम सायकलींचेही मूल्य घसरले. भाग मागविण्यासाठी नाशिक-पुण्याकडे पाहावे लागत असेल, तर ती अडचण किमतीतून वजा होते.

३) भूप्रदेश व हवामान : उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा असल्या, तरी तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील दैनंदिन प्रवास बव्हंशी सपाटीवरचा आहे. तेथे डोंगरउतारासाठी बनविलेल्या भागांना उपयोगमूल्य कमी आहे. पंचेचाळीस अंशांपर्यंत जाणारा उन्हाळा रबरी भागांना जीर्ण करतो, तर बाभळीचा काटा महाग व स्वस्त टायरमध्ये भेद करीत नाही.

४) मालकीचा पुरावा : मोटारसायकलीला मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणी असते. एमएच-१९ (जळगाव) वा एमएच-१८ (धुळे) क्रमांकाच्या गाडीचे हस्तांतरण कागदोपत्री सिद्ध होते. सायकलीला असा आधार नाही. एकेकाळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर आकारून पत्र्याचा बिल्ला देत. ती पद्धत मागे पडली. त्यामुळे महागडी जुनी सायकल चोरीची तर नसेल, ही शंका ग्राहकाच्या मनात राहते. शिवाय अनेक कंपन्यांची चौकटीवरील हमी मूळ खरेदीदारापुरतीच असते.

५) नव्या वस्तूची किंमत : सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला. नवी सायकल स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली ओढला जातो.

स्थानिक तुलना :

१९९४ मध्ये बाजारात आलेली हिरो होंडाची स्प्लेंडर या संदर्भात उद्बोधक आहे. दोन्ही कंपन्यांच्या फारकतीनंतर २०११ मध्ये नावातून 'होंडा' गेले. तरीही स्प्लेंडर देशातील सर्वाधिक खपाच्या मोटारसायकलींत राहिली. तिच्या नावात मिरविण्यासारखे फारसे नाही, पण तिचे इंजिन गावोगावच्या मिस्त्रीला ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण जळगावच्या सराफ बाजाराचे. शुद्धतेविषयीचा विश्वास हेच या सुवर्णनगरीचे भांडवल आहे. तरीही सोने मोडताना केवळ पेढीचे नाव पुरत नाही. शुद्धता तपासली जाते आणि घडणावळ परत मिळत नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालेल्या हॉलमार्कमुळे हा विश्वास नोंदीत उतरला. पर्वतीय सायकलीच्या किमतीतील प्रतिष्ठेचा अंश हा बहुतांशी घडणावळीसारखा असतो.

टक्केवारी आणि रुपये :

चांगल्या नावाची सायकल 'भाव धरून ठेवते' हे विधान टक्केवारीच्या भाषेत खरे असूनही रुपयांच्या भाषेत फसवे ठरू शकते. समजा, बारा हजारांची सायकल तीन वर्षांनी तीन हजारांस विकली गेली व तीस हजारांची सायकल पंधरा हजारांस. पहिलीने पाव किंमत राखली, दुसरीने निम्मी. परंतु पहिल्या मालकाचा तोटा नऊ हजारांचा व दुसऱ्याचा पंधरा हजारांचा आहे. त्यात अडकलेल्या रकमेवरील व्याज व चोरीची जोखीम मिळविल्यास अंतर आणखी वाढते. ज्याला चांगल्या सायकलीची खरोखर गरज आहे, त्याच्यासाठी हा खर्च सार्थ आहे. मात्र त्याला बचत म्हणता येणार नाही.

याच गणिताची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या हिताची आहे. प्रतिष्ठित पण स्थानिक बाजारात अपरिचित असलेली जुनी सायकल तिच्या गुणवत्तेच्या मानाने स्वस्त मिळू शकते. चौकटीला तडा नसणे, गियर व ब्रेकचे भाग उपलब्ध असणे आणि मूळ पावती मिळणे या तीन गोष्टींची खात्री केल्यास विक्रेत्याचा तोटा हा खरेदीदाराचा लाभ ठरतो.

समारोप :

प्रतिष्ठा ही नाममुद्रेचा गुण असली, तरी पुनर्विक्री मूल्य हा बाजाराचा गुण आहे. जाणकार ग्राहक, कुशल मिस्त्री, सुटे भाग व मालकीची नोंद यांच्याअभावी मोठे नावही अल्प मोलाचे ठरते. यांतील नोंदीचा अभाव स्थानिक पातळीवर दूर करता येण्याजोगा आहे. महाविद्यालयांनी सायकल स्टँडवर चौकटीच्या क्रमांकाची नोंदवही ठेवल्यास व विक्रीच्या वेळी त्या आधारे दाखला दिल्यास विद्यार्थ्यांमधील खरेदी-विक्री निःशंकपणे होऊ शकेल. एका नोंदवहीच्या खर्चात साध्य होणारा हा उपाय वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांना विद्यार्थी-प्रकल्प म्हणूनही हाती घेता येईल.